माळावरची एक काडी

गुतेमाच्या वहीत चार रकाने होते: तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि शेरा. सव्वीस वर्षं त्याने पहिले तीन रकाने रोज भरले आणि चौथा एकदाही नाही. एका थंडीत तळं तळापासून ढवळलं, कुजक्या अंड्यांचा वास गावभर सुटला आणि हजारो मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. त्या दिवशीही त्याने नुसती पातळी लिहिली. पाणी कार्यालयात हावी नावाची एक तरुण इंजिनियर होती. तिने विचारलं, की आब्बा, एवढं आक्रीत घडलं आणि शेऱ्यात एक ओळ नाही? तर हा म्हणाला, मासे मेले ते सगळ्या गावाला दिसले, पातळी कुणाला दिसते?

असा माणूस. त्याच्याशी गप्पा मारायला बसलेला माणूस दहा मिनिटांत उठून जायचा.

आमच्या बिशोफ्तूत, इथिओपियातल्या या गावात, तळ्यांना तोटा नाही. डोंगर कधीकाळी आग ओकून थंडावले, त्यांच्या तोंडांत पाणी साचलं, आणि त्या तोंडांच्या काठाकाठाने गाव वाढलं. गुतेमाचं तळं खोल वाडग्यासारखं. वरून पाण्यापर्यंत तीनशेच्या वर पायऱ्या, त्याही कुणी बांधलेल्या नाहीत, पायांनी पडलेल्या. पूर्वी चारी बाजूंनी उतरता यायचं. मग काठावर एकेक रिसॉर्ट आलं. त्यांची तोंडं तळ्याकडे आणि पाठी आमच्याकडे. आता दोन रिसॉर्टच्या भिंतींमधली एक बोळ तेवढी आमची राहिली आहे. गाढवावर पाण्याचे डबे लादून उतरायचं तर समोरच्याने भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. भिंतीपलीकडून एक नळी तळ्याचं पाणी प्यायला खाली जाते, आणि दुसरी, प्यायलेल्याचं जे होतं ते परत द्यायला. तळं कुणाच्या बापाचं नाही असं म्हणता म्हणता ते नेमक्या काही जणांच्या बापाचं झालं.

खाली खडकात एक लोखंडी खांब रोवलेला आहे. पांढऱ्या रंगावर काळ्या रेघा, डोक्याशी लाल पट्टा. उजाडलं की गुतेमाने उतरायचं, पाणी कुठल्या रेघेला लागलंय ते पाहायचं, वहीत लिहायचं आणि चढून यायचं. पगार इतका की त्याचा हेवा कुणी केला नाही.

बोळीच्या तोंडाशी शिफेराची मासे तळायची टपरी. तो आणि गुतेमा एकाच वर्षी जन्मलेले, एकाच शाळेतून पळालेले. गुतेमा वर आला की शिफेरा रोज विचारायचा, आज किती? गुतेमा आकडा सांगायचा. आकडा कालच्यापेक्षा कमीच असायचा.

"तू मोजतोस म्हणून आटतंय," शिफेरा म्हणायचा. "गोठ्यात जाऊन गाई मोजतं का कुणी? तू रोज जाऊन तळ्याच्या कपाळाला बोट लावतोस. मग ते नाही झुरणार तर काय?"

यात थट्टा अर्धीच होती. आमच्यात गुरं मोजत नाहीत आणि पोरंही मोजत नाहीत. कुणी विचारलंच तर 'आहेत, देवाची कृपा' म्हणून विषय बदलायचा. जिवंत वस्तू मोजली की तिला दृष्ट लागते आणि ती घटते.

गुतेमाची बायको दिंके या बाबतीत शिफेराच्या बाजूची. नवऱ्यासाठी ती अंधारात उठून कॉफी उकळायची, त्याच्या खिशात भाजलेलं जव भरायची, पण वहीला तिने कधी हात लावला नाही. तळं जिवंत आहे, म्हणायची, मी दर वर्षी त्याला गवत वाहते आणि तू त्याचे आकडे लावतोस. तिला आकडे येत नव्हते असं नाही. बाजारात तिला कुणी फसवलं नव्हतं. पण तळ्याचा आकडा तिने उभ्या जन्मात तोंडातून काढला नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी, इरेचाचा सण होऊन आठवडा झाला असेल, गुतेमा पडला. सणाला लाखभर माणसं तळ्याकाठी येतात, हिरवं गवत आणि पिवळी फुलं पाण्याला वाहून आभार मानतात. पण पायऱ्या निसरड्या झाल्या त्या माणसांच्या पायांनी नव्हे. डाव्या हाताच्या रिसॉर्टने नवे मोठे पंप बसवायला घेतले होते, आणि त्यांची नळी वाटेवर गळत होती. शेवाळ धरलं, त्यावरून गुतेमा घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. इस्पितळाने मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि दोन महिने खाट सोडायची नाही असं बजावलं.

पाय मोडल्याचं दुःख त्याला झालं नाही. उद्याचा रकाना कोरा राहणार याने तो वेडापिसा झाला. कार्यालयाचा नियम असा, की नेमलेल्या माणसाने आपल्या डोळ्यांनी पाहूनच लिहायचं. त्याच्या जागी दुसरा नेमायला कागद फिरणार, कागद फिरायला महिना लागणार. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवेना, बोलेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दिंके बाहेर गेली आणि तासाभराने परत आली. तिच्या हातात लव्हाळ्याची एक हिरवी काडी होती.

"लाल पट्ट्यापासून पाण्यापर्यंत एवढं," ती म्हणाली. "मी मोजलं नाही. नुसती काडी तोडून आणली. मोजायचं पाप तुझं तू कर."

गुतेमाने काडी पट्टीला लावली, खांबाच्या उंचीतून वजा केली, आणि रकाना भरला. त्याच्या चेहऱ्यावर जीव आला. शाबास म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. उद्या जरा लवकर जा, एवढं म्हणाला.

असे एकसष्ट दिवस. रोज ती तीनशे पायऱ्या उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली, लव्हाळा पट्ट्याशी धरून पाण्याशी चिमटीने तोडला आणि चढून आली. काडी मोजून झाली की ती परत घ्यायची. हिरवं गवत फेकवत नाही, म्हणायची. काड्या ती सुताने ओळीने ओवत गेली, चटई विणतात तशी, आणि गुंडाळी करून आढ्याला खोचून ठेवली. गुतेमाने त्या गुंडाळीकडे कधी वळून पाहिलं नाही. त्याचं काम आकड्याशी होतं.

आठ महिन्यांनी, भर पावसाळ्यात, दिंके गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. वर्षभर तरी त्रास होत असणार, तुम्हाला काही जाणवलं नाही का? गुतेमाने मान हलवली. कशी हलवली, हो की नाही, ते डॉक्टरांना कळलं नसावं.

इद्दिरच्या लोकांनी, म्हणजे मयताच्या वेळी धावून येणाऱ्या आमच्या मंडळाने, दारात तंबू टाकला, बाकं मांडली, उकडलेल्या गव्हा-हरभऱ्याच्या पराती फिरल्या. तीन दिवस घरच्यांनी तंबूतून हलायचं नसतं. गुतेमा रोज उजाडताना उठून खांबाकडे गेला आणि येऊन पुन्हा बाकावर बसला. बायका एकमेकींकडे बघायच्या. त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. माणूस आहे की खांब, असं दिंकेची बहीण त्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलली. त्याला ऐकूही गेलं. त्याला काहीच झालं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नाही, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता. वहीत त्या तारखेपुढे पातळी आहे. शेरा कोरा.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, दिंकेच्या बहिणीने घर आवरायला घेतलं. आढ्याची गुंडाळी काढून ती चुलीत घालणार होती. गुतेमा म्हणाला, राहू दे. का राहू दे, हे त्यालाही माहीत नव्हतं.

त्यानंतर वर्षभराने चौकशी लागली. त्याच डाव्या हाताच्या रिसॉर्टला आणखी पाणी उपसायचं होतं, आणि बोळ बंद करून ती आपल्या आवारात घ्यायची होती. गावातल्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली होती की पंप आल्यापासून तळं झपाट्याने खाली गेलंय. पुरावा काय, तर एकच: गुतेमाची वही. हावीने ती डोळ्यांत तेल घालून तपासली होती. सव्वीस वर्षं पाणी हळूहळू उतरतंय, आणि नेमक्या त्या दोन महिन्यांत, पंप सुरू झाले तेव्हा, एकदम धाडकन. ते दोन महिने टिकले तर बोळ टिकते. शिफेराची टपरी टिकते, गाढवांची वाट टिकते, गवत वाहायला काठ राहतो. हे हावीने गुतेमाला दोनदा समजावलं. त्याने ऐकून घेतलं.

चौकशीच्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती. रिसॉर्टतर्फे राजधानीहून मेकुरिया नावाचे वकील आले होते. मऊ बोलणारा, सभ्य माणूस. त्यांनी वही चाळली, कौतुक केलं आणि विचारलं, की ओब्बो गुतेमा, या दोन महिन्यांत आपल्या पायाला प्लास्टर होतं ना? मग या पायऱ्या कोण उतरलं?

हावीचा चेहरा उतरला. तिला हे माहीत नव्हतं, पाय मोडल्याचं कार्यालयात कुणी कळवलंच नव्हतं.

गुतेमाने शपथ घेतली होती. शपथेवर खोटं बोललं तर सात पिढ्यांना लागतं, असं आम्ही मानतो. पण त्याने तेवढाही विचार केला नाही. त्याने जसं घडलं तसं सांगितलं: माझी बायको उतरली, तिने काड्या आणल्या, मी त्या मोजल्या. मागच्या बाकावर हशा पिकला. वकीलही हसले, वाईट वाटू नये इतपतच. काड्या आहेत का, त्यांनी विचारलं. त्यांची खात्री होती की नसणार.

गुतेमा म्हणाला, घरी आहेत. शिफेरा आपल्या मोटारसायकलवरून जाऊन गुंडाळी घेऊन आला.

टेबलावर ती उलगडली तेव्हा हशा थांबला. एकसष्ट वाळक्या काड्या, वरच्या टोकाला सुताने एका रेषेत बांधलेल्या. वरून सरळ, आणि खालून उतरत गेलेल्या. पहिली हातभर, शेवटची हात आणि वर वीतभर. आकडे न येणाऱ्यालाही कळावं की पाणी कुठे गेलं. साहेब, म्हणजे चौकशीचे प्रमुख, चष्मा काढून पुढे झुकले. हावीने पट्टी घेतली. ती एकेक काडी मोजायची, खांबाच्या उंचीतून वजा करून आकडा मोठ्याने म्हणायची, आणि कारकून वहीशी ताडून 'बरोबर' म्हणायचा. दहा बरोबर, वीस बरोबर, तीस बरोबर. वकिलांनी हातातलं पेन खाली ठेवलं. शिफेरा दारातून गुतेमाकडे बघून भुवया उडवत होता.

गुतेमा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चटई धरून उभा होता. त्याची बोटं काड्यांवरून सरकत होती. लव्हाळा वाळला तरी त्याची काडी तीनधारी राहते, चिमटीत फिरवली की धारा लागतात. एकेक धार त्याला लागत होती. अडतिसाव्या काडीला बोट थांबलं. ती गोल होती. मध्ये दोन पेरं होती.

त्याने ती पुन्हा फिरवली. मग पुढच्या सगळ्या चाचपल्या. त्या लव्हाळ्याच्याच होत्या. ही एकच माळावरच्या गवताची. असलं गवत पाण्याशी उगवत नाही.

हावी अडतिसाव्या काडीपर्यंत आली. मोजली. आदल्या दिवशीइतकीच. वहीतही आदल्या दिवसाचाच आकडा. कारकून म्हणाला, बरोबर.

तो दिवस गुतेमाला आठवला. आठवला म्हणजे समोर उभा राहिला. दिंके दारात आली होती. चौकटीला हात टेकून उभी होती, ओठ राखेसारखे. खाली बसली आणि म्हणाली, जरा पाणी दे रे, तांब्या तुझ्याच उशाशी आहे. आणि तो खाटेवरून हात पुढे करून म्हणाला होता, आधी काडी दे.

ती त्या दिवशी खाली पोचलीच नव्हती. अर्ध्या वाटेत तिचा श्वास संपला होता. तशी परत आली असती तर रकाना कोरा राहिला असता, आणि नवरा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला असता. म्हणून तिने हाताशी होतं ते गवत आठवणीच्या मापाने तोडलं आणि आणून दिलं. त्याने ते मोजलं होतं. हातात धरून, पट्टीला लावून, डोळे बारीक करून मोजलं होतं. गवत पाहिलं नव्हतं, तिला पाहिलं नव्हतं.

"साहेब," गुतेमा म्हणाला, "ही काडी खोटी आहे."

दारातून शिफेराने हाताने खूण केली, गप्प बस. इतर कुणाला लव्हाळा आणि माळाचं गवत यांतला फरक कळला नसता. वकिलांना तर नाहीच, ते शहरातले.

"हे तळ्याकाठचं गवत नाही. त्या दिवशी पातळी कुणी पाहिली नाही."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. नाइलाजाने म्हणाले, की मग आपल्या हाताने तो आकडा खोडा आणि शेऱ्यात कारण लिहा. वही गुतेमाच्या पुढे सरकली. त्याने आकड्यावर रेघ मारली, अगदी सरळ. मग पेन चौथ्या रकान्यावर आणलं. लिहून झाल्यावर कारकुनाने वाचलं, "दिंके आजारी होती."

"हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?" वकिलांनी विचारलं. त्यांचं काम होतं ते.

"नाही," गुतेमा म्हणाला. "आत्ता कळलं."

यावर वकिलांना पुढे काही विचारता आलं नाही. पण कायद्याला विचारावं लागत नाही. तीन आठवड्यांनी निकाल लागला. नियम मोडून दुसऱ्याच्या हातून घेतलेली मापं, त्यांतलं एक खोटं असल्याचं स्वतः नोंद करणारानेच कबूल केलेलं, सबब ते दोन महिने पुराव्यातून वगळले. बाकीची वही ग्राह्य. बाकीच्या वहीत तळं हळूहळू उतरत होतं, मधल्या दोन महिन्यांत ते कधी आणि कशाने खाली गेलं हे कागदावर उरलं नाही, आणि हळूहळू उतरण्याला कुणी जबाबदार नसतं. रिसॉर्टला पाणी मिळालं, बोळही मिळाली. पावसाळा सरला की फाटक बसणार होतं.

हावी रडली, आणि मग त्याच्यावर भडकली. एका काडीपायी, म्हणाली, साठ खऱ्या काड्या घालवल्यात. शिफेरा भडकलासुद्धा नाही, ते जास्त वाईट. तो नुसता कढई घासत राहिला. गुतेमाने दोघांचं ऐकून घेतलं. गावातही मतं दोन पडली. माझं विचाराल तर मला अजून ठरवता आलेलं नाही.

काड्या सरकारी फायलीत जमा झाल्या होत्या. गुतेमा कार्यालयात गेला आणि म्हणाला, साठ ठेवा, ती एक द्या. खोटी आहे, तुमच्या काय कामाची? कारकुनाने नियम पाहिला, त्यात असल्या मागणीबद्दल काही नव्हतं, तेव्हा त्याने सूत कापून काडी देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना गुतेमा वही आणि काडी घेऊन निघाला. रोज पाय आपोआप उतरायचे, त्या दिवशी तो कडेचं गवत बघत उतरला. वाट जिथे वळते तिथे एक बसका दगड आहे. पेरांचं गवत त्या दगडाभोवती तेवढं उगवतं, त्याच्या वर नाही आणि खालीही नाही. तिथून खांब दिसत नाही. पाण्याचा आवाजही येत नाही.

तो दगडावर बसला. हातातली काडी तिथल्या गवताशी धरून पाहिली. मग त्याच्या तोंडून हुंदका आला, आणि मागोमाग दुसरा. वर्षभर जे कुठे अडकलं होतं ते सगळं आलं. गाढवं घेऊन उतरणाऱ्या बायका थांबल्या, आणि दिंकेच्या बहिणीला सांगायला एक जण माघारी वळली.

त्या दिवशी तो खांबापर्यंत गेला नाही. वर परत येताना त्याने पायऱ्या मोजल्या. दगडापासून बोळीपर्यंत एकशे बारा. त्या दिवशी दिंके एवढंच उतरू शकली होती, आणि तेवढंच पुन्हा चढून आली होती, त्याच्यासाठी काडी घेऊन.

टपरीशी शिफेरा उभा होता. निकालानंतर पहिल्यांदाच त्याने विचारलं, "आज किती?"

गुतेमाने आकडा सांगितला नाही. म्हणाला, "आहे. देवाची कृपा."